लाल कार्ड आणि ज्वालामुखीकाका

४ मार्च

वन्सं,

नमस्कार केला असं समजा. तुमची तब्येत ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे. तुमचा भाऊ दर रविवारी गच्चीत जाऊन कुजबुजत बोलतो आणि खाली आल्यावर 'राँग नंबर होता' असं सांगतो. राँग नंबरशी कुणी इतका वेळ गुडघेदुखीवर बोलत नाही, वन्सं. त्याला खोटं बोलता येत नाही आणि तुम्ही त्याला शिकवलंही नाहीत.

मी फोन केला की तुम्ही 'त्याला दे' एवढंच म्हणता, म्हणून हे पत्र. मेलनं पाठवतेय, पण आहे पत्रच. चार ओळींत भांडण मावत नाही.

तर मुद्दा असा की ज्वालामुखीकाका माझे आहेत.

अठरा मेला इथे बचावपथकांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. चहूकडून माणसं येणार आहेत, दोराला लटकणारी, ढिगाऱ्यात शिरणारी, कुत्र्यांना वास शिकवणारी. परिषदा भरवून देणाऱ्या आपल्या एवढ्याशा ऑफिसला, चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांना, इतकं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. उद्घाटनाचं बीजभाषण ज्वालामुखीकाकांचं. जगात धुमसत्या डोंगराच्या तोंडाशी उभं राहून विनोद करणारा दुसरा शास्त्रज्ञ नाही. मी जानेवारीतच तारीख पक्की केली. पत्रिकेवर त्यांचा फोटो छापला. आणि काल तुमचा भाऊ जेवताना बोलून गेला की तुम्ही तिकडे विमानचालकांच्या परिषदेसाठी त्यांचाच फोटो छापलाय. त्याच तारखेला. तेही उद्घाटनालाच! एवढं बोलून त्याला ठसका लागला आणि मग तो पाणी प्यायच्या निमित्तानं जो उठला तो झोपेपर्यंत माझ्या समोर आला नाही.

आता तुम्हीच सांगा, ही पद्धत मला कुणी शिकवली? 'वक्त्याला तारीख कधी विचारायची नाही. तो सगळ्यांना हो म्हणतो. त्याच्या तारखा कोण सांभाळतं ते शोधायचं आणि त्या माणसाला विचारायचं.' तुमचेच शब्द. मी काकूंना विचारलं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली, हे मला फोनवर ऐकू आलं, पेन चालत नव्हतं म्हणून त्यांनी दोनदा गिरवलं.

तुम्ही कुणाला विचारलंत?

कळावे,
तुमच्या भावाची बायको


१० मार्च

वन्सं,

तुमचं उत्तर आलं. अडीच ओळी. त्यातली अर्धी ओळ 'कळावे'.

म्हणजे तुम्ही त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंना विचारलंत. का, तर काका दिवसभर तिथे असतात म्हणून. आणि मी काकूंना विचारलं, का, तर रात्री ते घरी येतात म्हणून! दोघींनी नियम पाळला आणि दोघींनी माती खाल्ली. दुसऱ्या कुणी बावळटपणानं थेट काकांनाच विचारलं असतं तर त्याला तरी खरं कळलं असतं.

काकांना मी परवा गाठलं. ते काय म्हणाले ऐका. म्हणाले, 'दोन बायका माझ्यासाठी भांडताहेत असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, मला जरा मजा घेऊ द्या. तुम्ही दोघी काय ते ठरवा.' मागून काकूंचा आवाज आला, 'आधी औषध घ्या.'

तुम्ही लिहिलंय, 'तू समारोपाला घे, उद्घाटन माझ्याकडे राहू दे.' का हो? तुम्ही मोठ्या म्हणून? समारोपाला निम्मी माणसं सामान आवरायला खोलीत गेलेली असतात आणि उरलेली घड्याळ बघत असतात, हेही तुम्हीच शिकवलंत. मला तुमच्याकडून जेवढं आलं तेवढं मी तुमच्यावरच वापरणार. दुसरं कोण आहे मला?

आणि पत्राच्या शेवटी तो टोमणा. 'वेळ पाळण्याच्या बाबतीत तुझा हात कोण धरणार.' कळला बरं का मला. तीन वर्षं झाली तरी ते कार्ड तुमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मग एकदा होऊनच जाऊ द्या.

पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं उरली, लाल कार्ड म्हणजे बस. पहिल्या रांगेत मी बसायचं आणि कार्ड दाखवायचं, वक्ता कितीही मोठा असो. हा नियम कुणी केला? तुम्ही! वेळेच्या नियोजनावरचा तो तज्ज्ञ आठवतो ना, ज्याची गाडी चुकली आणि जो उशिरा येऊन वर दुप्पट बोलत बसला? त्याला लाल कार्ड दाखवलं तेव्हा तुम्हीच माझी पाठ थोपटलीत आणि 'घड्याळबाई' हे नाव ठेवलंत. आनंदी कसं राहावं हे सांगणाऱ्या बाई उशी मऊ नाही म्हणून रडल्या होत्या, त्यांनाही मी सोडलं नाही. मग त्या दिवशी तुम्ही स्वतः आभार मानायला उभ्या राहिलात, आणि मानतच राहिलात. दिवे लावणाऱ्याचे आभार, पाणी ठेवणाऱ्याचे आभार, दारावरच्या माणसाचे, त्याच्या जावयाचे. मी पिवळं दाखवलं. तुम्ही हसून मान हलवलीत. मी लाल दाखवलं. सभागृह हसलं. त्यात माझा काय दोष?

तुम्ही वाक्य अर्धवट सोडून खाली उतरलात, माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलंत, आणि महिन्याभरात परक्या देशात जाऊन स्वतःचं दुकान थाटलंत. एका कार्डासाठी! मी माफी मागणार नाही. नियम म्हणजे नियम.

काका माझेच.

तुमच्या भावाची बायको


१९ मार्च

वन्सं,

काल तुमच्या भावाला मी कोंडीत पकडलं. तो माइकच्या वायरी गुंडाळत बसला होता, हात अडकलेले, पळता येईना. त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याला रागावू नका, मी शेजारीच बसले होते आणि मी कशी बसते ते तुम्हाला माहीत आहे.

तुमचं ऑफिस म्हणजे दुसऱ्यांच्या हॉलमधलं एक टेबल आहे. खिडकीही तुमच्या वाट्याला नाही. विमानचालकांची परिषद हेच तुमचं तिकडचं पहिलं मोठं काम, आणि ते फसलं तर तुम्हाला गाशा गुंडाळून परत यावं लागेल. हे ऐकून मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. खरंच! मी उठून तुमच्या खुर्चीवरचे बिल्ले उचलले आणि खुर्ची पुसायलाही लागले. ती अजून तिथेच आहे, खिडकीजवळ, डाव्या हाताचा स्क्रू सैल झालेली. तिच्यात कुणाला बसू देत नाही मी. पाहुणा आला की सांगते, मोडकी आहे, पडाल.

तुमचा भाऊ बघत होता. म्हणाला, 'ती अशी हरून आली तर बसेल का गं त्या खुर्चीत?'

तो कधी असं बोलत नाही. माझा हात तिथेच थांबला.

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. त्या आभाराच्या भाषणाची तुम्ही म्हणे आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तालीम केली होती, तो कांदा चिरत होता आणि तुम्ही कपाटाला टेकून बोलत होतात. शेवटचं नाव माझं होतं. बाकी सगळ्यांना पुढे घेतलं ते मला शेवटी ठेवायला. त्या वाक्याला तो कांदा चिरायचा थांबला होता म्हणे. वाक्य काय होतं ते मात्र सांगेना. 'ते तिचं आहे, तिलाच विचार.'

मी रात्रभर चिडले होते, तुमच्यावर. अहो, मग उलटं का नाही म्हणालात? पहिलं नाव का नाही घेतलंत? त्या दारवानाच्या जावयाला आधी घ्यायची काही गरज होती का?

असो. ज्वालामुखीकाका तुमचे. काकूंना आत्ताच फोन करून सांगितलं की आमच्याकडे येऊ नका, वन्संकडे जा. ही दया नाही, आधीच सांगून ठेवते. तुमची परिषद दणक्यात व्हायला हवी म्हणजे मला तुमच्याशी बरोबरीनं भांडता येईल. माझ्या उद्घाटनाचं मी बघून घेईन. कुत्र्यांना वास शिकवणारे एक गृहस्थ बोलायला तयार आहेत. कुत्रंही आणणार आहेत.

विमानचालकांना सांगा, काका विनोद करताना हात फार हलवतात. समोर पाण्याचा ग्लास ठेवू नका.

तुमची भावजय


२१ मार्च

वन्सं!!!

हे काय करून बसलात!

आत्ता काकूंचा फोन आला. मी 'येऊ नका' सांगितलं त्याच संध्याकाळी तुम्हीही प्रयोगशाळेत फोन करून 'येऊ नका, भावजयीकडे जा' म्हणून सांगितलंत? न विचारता? न कळवता? माझं पत्र न उघडता? आणि परत त्या मदतनीस बाईंनाच? काका जेवायला घरी आले, दोघांनी एकमेकांना बातमी दिली, तेव्हा त्यांना कळलं की जो माणूस परवापर्यंत दोन देशांना हवा होता तो आता कुणालाच नको आहे.

काका रुसले आहेत. खरेखुरे! काकू म्हणाल्या, 'उकळता डोंगर अंगावर आला तरी हा माणूस हसतो, पण आज त्यांनी जेवताना मान वर केली नाही.' आणि काकूंनी अठरा तारखेच्या आठवड्यात घराचं रंगकाम काढायचं ठरवून टाकलंय. काका शिडी धरणार आहेत. रंगही आणून ठेवलाय, पिस्ता रंगाचा.

मी आधी कपाळाला हात लावला. मग हसायला लागले. तुमचा भाऊ धावत आला, त्याला वाटलं मी रडतेय. त्याला सांगितलं तर तो जमिनीवर बसून हसला. वन्सं, तीन वर्षांत या दोन खोल्यांत इतकं हसणं झालं नव्हतं, खालचा चष्मेवाला वर विचारायला आला.

पण तुम्ही मला काका दिलेत. स्वतःचं बुडत असताना दिलेत. हे मला लिहिता येत नाहीये, म्हणून पुढे जाते.

उद्या मी त्यांच्या गावी जातेय. काकूंच्या घरून तुम्हाला फोन करीन. मी बोलेन. 'त्याला दे' म्हणालात तर बघा.

तुमची भावजय


२३ मार्च

वन्सं,

काल फोनवर सगळं ठरलं आहे, तरी लिहून ठेवते. तुम्ही नंतर म्हणाल मी असं म्हणालेच नव्हते.

तुमचा आवाज बसका झालाय. थंड पीत जाऊ नका.

काकूंच्या टेबलावर फोन मधोमध ठेवला होता, एका बाजूला मी, एका बाजूला काकू, आणि काका दाराआड उभे राहून ऐकत होते. त्यांच्या चपला खालून दिसत होत्या. तुम्ही म्हणालात, 'काकांना उद्घाटनाला तिकडेच राहू द्या.' मी म्हणाले, 'मुळीच नाही, तुमच्याकडेच.' तुम्ही म्हणालात, 'लहान आहेस, ऐक.' मी म्हणाले, 'एवढ्या एका बाबतीत नाही ऐकणार.' काकूंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, 'आधी घेण्यावरून भांडत होतात, आता देण्यावरून भांडताय. तुम्हाला माणूस हवाय की भांडण?'

मी फोन काकूंकडे सरकवला. त्यांनी तो परत मधोमध आणून ठेवला.

मग तुम्हीच म्हणालात, हळूच, की विमानचालकांना समारोपाला काका चालतील. मी म्हणाले, 'समारोपाला निम्मी माणसं उठून जातात.' तुम्ही म्हणालात, 'माझ्या समारोपातून कोण उठतो ते बघतेच.' याला म्हणतात बोलणं! मला तुमच्या बाजूला बसल्यासारखं वाटलं.

काकूंची अट लक्षात आहे ना? काका एकटे निघाले की पासपोर्ट दुसऱ्याच कोटात असतो. म्हणून न्यायला तुम्ही स्वतः यायचं, तुमचं तिकडचं उद्घाटन तेवढं विमानचालकांनीच उरकून घ्यायचं. इथलं उद्घाटन झालं की त्याच दुपारच्या विमानानं दोघांनी निघायचं. आणि पिस्ता रंग काका परत आल्यावर लागेल, शिडी त्यांनीच धरायची.

दाराआडून काका म्हणाले, 'मी अजून हो म्हटलेलं नाही.' काकू म्हणाल्या, 'मी म्हटलंय.'

तुमची भावजय


९ मे

वन्सं,

घाईत लिहितेय. सभागृह बघून आले. व्यासपीठाच्या तिसऱ्या पायरीचा आवाज येतो, तुमच्या भावाला सांगितलंय. कुत्रेवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी बोलणार आहेत, कुत्रं मात्र तिन्ही दिवस येणार आहे. परिषदेचे सचिव आजपासूनच घसा धरून फिरताहेत, भाषणाच्या भीतीनं असावं.

तुमची खुर्ची घट्ट करून घेतली. बसा नाहीतर नका बसू, माझा आग्रह नाही. पण घट्ट आहे.

एक विचारायचं होतं. ते लाल कार्ड तुम्ही फेकून दिलंत का? तेव्हापासून मी डब्याचं लाल झाकण दाखवते. काम भागतं, पण वक्ते बिचकतात, त्यांना वाटतं बाई काहीतरी फेकून मारणार.

विमानतळावर तुमचा भाऊ येईल. मला यायला जमणार नाही, कामं आहेत. खरं सांगायचं तर विमानतळावर सगळ्यांसमोर माझं काय होईल याचा भरवसा नाही.

तुमची भावजय


१९ मे

वन्सं,

काल तुम्ही आलात आणि गेलात. धड बोलणंही झालं नाही. सकाळी तुम्ही काकांचा पासपोर्ट तपासत ऑफिसच्या दारातून आत शिरलात आणि माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोललात, 'बाळगतेस काय ते झाकण, दे इकडे.' तीन वर्षांनी भेटून हे! मी आत जाऊन पाणी प्यायले आणि बाहेर आले.

तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला सभागृह दिसलं नसेल, मी सांगते. काका बोलले तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेली माणसंसुद्धा पुढे सरकली. राख अंगावर पडत असताना वाटाड्यानं त्यांना आधी चप्पल नीट घालायला कसं सांगितलं, ही गोष्ट ऐकताना सगळे हसत होते आणि हसता हसता गप्प झाले. ग्लास त्यांनी पाडलाच. पण वेळेत संपवलं! पिवळ्या कार्डाचीही गरज पडली नाही. तुमचा भाऊ माइकच्या खोलीतून दोन्ही अंगठे दाखवत होता.

मग सचिवांचा घसा खरोखरच बसला आणि ते माझ्या हाताला धरून म्हणाले, 'आभार तुम्हीच माना, दोनच मिनिटं.' मी! मी आयुष्यभर लोकांना व्यासपीठावर चढवलं, स्वतः कधी चढले नाही. तिसऱ्या पायरीचा आवाज आलाच.

सुरुवातीला नीट होतं. काकांचे मानले. काकूंचे मानले. मग मला दिवेवाला दिसला. त्याचे मानले. पाणी ठेवणाऱ्या बाई दिसल्या. चष्मेवाला दिसला, तो बिचारा खास कोट घालून आला होता. कुत्रंही दिसलं. प्रत्येकाकडे बघितलं की आणखी एक वाक्य सुचत होतं आणि मला सगळे फार आवडायला लागले होते. तेव्हा कळलं मला, वन्सं, दारवानाच्या जावयापर्यंत माणूस कसा पोचतो ते. एक नाव शेवटी ठेवलेलं असतं आणि ते घ्यायची हिंमत गोळा होईपर्यंत बाकीची घेत राहावं लागतं.

शेवटी आले मी त्या नावापर्यंत. श्वास घेतला. म्हणाले, 'आणि आता शेवटी मला...'

पहिल्या रांगेत तुमचा हात वर गेला. लाल कार्ड! तेच, कोपरा दुमडलेलं, ज्यावर तुमच्या भावानं चहाचा कप ठेवला होता त्याचा गोल डाग असलेलं. तीन वर्षं सांभाळलंत. पर्समध्ये घालून समुद्रापलीकडून आणलंत. आणि चेहऱ्यावर काडीची हालचाल नाही, परीक्षेच्या वर्गात पहारा देणाऱ्या बाईंसारखा चेहरा.

सभागृह हसलं. माझी कानशिलं तापली. मग मी तुमच्याकडे नीट बघितलं तर एका हातानं कार्ड धरून तुम्ही दुसऱ्या हातानं डोळे पुसत होतात, चष्मा न काढताच. गप्प बस म्हटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. रडू आणि हसू एकदम आलं, माइकवरून सगळ्यांना ऐकूही गेलं. तुमच्या भावानं माइक बंद केला नाही, मुद्दाम.

पण मी थांबले. नियम म्हणजे नियम. वाक्य तिथेच सोडून खाली उतरले.

आणि मग टॅक्सी आली, काका कोट शोधायला लागले, कुत्रं मध्ये आलं, आणि तुम्ही गाडीत बसताना खिडकीतून एवढंच म्हणालात, 'दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं, घड्याळबाई.' किती वर्षांनी कुणी मला त्या नावानं हाक मारली! गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. झाकण तुम्ही घेऊन गेलात, हे नंतर लक्षात आलं. परत येऊन ऑफिसचं दार उघडलं तेव्हा तुमची खुर्ची मागे सरकलेली होती. म्हणजे सकाळी मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात तुम्ही बसून घेतलंत.

उद्या तुमचा समारोप. एकही माणूस उठणार नाही.

व्यासपीठावर राहिलेलं माझं वाक्य इथे पूर्ण करते, इथे तुमचं कार्ड पोचत नाही. 'आणि आता शेवटी मला वन्संचे आभार मानायचे आहेत. लग्न करून घरात आले तेव्हा मी कुणासमोर तोंड उघडत नव्हते, यांनी मला शेजारी बसवून बोलायला शिकवलं, आणि त्या गेल्यापासून मी जे काही बोलले ते सगळं त्यांच्याशीच भांडत बोलले.'

झालं. बसले खाली.

आता तुमचं सांगा. तीन वर्षांपूर्वी कपाटाला टेकून जे म्हणाला होतात ते. कितीही लांब असू दे, माझ्याकडे आता कार्डही नाही आणि झाकणही नाही.

तुमची
घड्याळबाई